दिवाणाखाली देवगड

गुढीची डहाळी अजून कोमेजायची असते, साखरेच्या गाठीला अजून मुंग्या लागायच्या असतात, तोवर सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन थडकतो. ‘नमस्कार मंडळी! खात्रीशीर देवगड हापूस. थेट बागेतून. पेंढ्यात पिकवलेला. पेट्या मर्यादित.’ खाली जोडलेले हात दोन, आंबे सहा. पाठवणारा कोण? तर ए विंगमधले तेच काका, ज्यांनी बँकेत बसून आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवले आणि ‘धंदा हे आपलं काम नव्हे’ हे पोराला, पुतण्याला, भाच्याला ऐकवून ऐकवून तिघांनाही नोकरीला लावलं. अहो, काय चाललंय काय हे? पेन्शन कमी पडते की काय?

बरं, काका एकटे असते तर समजू शकलो असतो. पण अर्ध्या तासात बी विंगमधून रत्नागिरी हापूस येतो. मग योगाच्या क्लासवाल्या ताई येतात, ‘सात्त्विक पद्धतीने पिकवलेला’ घेऊन. (आंबा सात्त्विक कसा पिकतो? प्राणायाम करतो?) मग आयटीतला तो मुलगा, जो तीन वर्षांत लिफ्टमध्ये कुणाशी बोललेला नाही, तो एकदम ‘हाय काका, हाय काकू’ करत गूगल फॉर्म पाठवतो. नाव, फ्लॅट नंबर, किती डझन, फळ कच्चं हवं की तयार. रात्रीपर्यंत ग्रुपवर विकणारे उदंड आणि घेणारे गप्प. सगळ्यांनीच दुकान मांडल्यावर गिऱ्हाईक कुठून आणायचं? पण तो प्रश्न विचारतो कोण?

मराठी माणसाला धंदा जमत नाही असं अजूनही कुणी म्हणत असेल, तर त्याला एप्रिल महिन्यात कोथरूडच्या, ठाण्याच्या नाहीतर डोंबिवलीच्या कुठल्याही पार्किंगमध्ये आणून उभा करा. पहाटेचे पाच. कोकणातून आलेली ट्रॅव्हल्सची बस हायवेवर पेट्या टाकून पुढे गेलेली. त्या घेऊन आलेल्या गाडीची डिकी उघडी, मागची सीट आडवी, आणि बर्म्युडा घातलेले एक सिनियर मॅनेजर पाच डझनांची लाकडी पेटी पोटाशी धरून ‘सरका, सरका’ करत लिफ्टकडे धावतायत. हाच माणूस घरचा गॅस सिलिंडर सरकवायला माणूस बोलावतो. वॉचमनला पहिले दोन दिवस संशय आला होता म्हणे. तिसऱ्या दिवसापासून तोच विचारतो, ‘साहेब, गावाला पाठवायला एक डझन मिळंल का, कमी करून?’

आणि बाग कुणाची, हे विचारायचं नाही हं! विचारलंत तर वंशावळ ऐकावी लागते. मेव्हण्याच्या ऑफिसातल्या एकाचे साडू देवगडचे, त्या साडूंच्या चुलत भावाची कलमं. पण मेसेजमध्ये? ‘आमच्या बागेतून.’ आमच्या! ज्यांनी बाग पाहिली ती फोनच्या पडद्यावर, त्यांना विचारा बरं, मोहोर कधी येतो? तुडतुडा म्हणजे काय? थ्रिप्सने यंदा किती फवारण्या करायला लावल्या? थंडी लांबली की काय होतं आणि फळ सुपारीएवढं असताना अवकाळी बरसला की काय होतं? तिकडे खरा बागायतदार डिसेंबरपासून आभाळाकडे बघत बसलेला असतो. त्याचा गडी झेला घेऊन कलमावर चढतो, देठासकट एकेक फळ उतरवतो, चीक फळावर ओघळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. आणि इकडे आपला दहाव्या मजल्यावरचा बागायतदार एसीत बसून सांगतो, ‘यंदा आमच्याकडे पीक जरा कमीच आहे.’ तुमच्याकडे? तुमच्याकडे तर तुळससुद्धा जगत नाही!

खरी मजा पुढे आहे. आंबा येतो कच्चा, तो पिकवायचा असतो. पिकवायला लागते आढी. आढीला लागतो पेंढा. पेंढा कुठे पसरायचा? तर बेडरूममध्ये. हो, बेडरूममध्ये! ज्या खोलीचं कर्ज अजून बारा वर्षं फिटायचं आहे, त्या खोलीत दिवाणाखाली, कपाटाच्या कडेला, खिडकीच्या कट्ट्यावर हापूस निवांत लोळत पडलाय आणि घरमालक सहकुटुंब हॉलमध्ये सतरंजीवर. एसी लावायचा नाही, फळ रखडतं. पंखा जोरात नको, साल सुरकुतते. पाहुण्यांनी ‘आत जरा आडवा होतो’ म्हटलं की घरात एकच धावपळ. मुलांना त्या खोलीत प्रवेशबंदी. प्रवेश फक्त आजीला, कारण फळ नुसत्या वासावरून ओळखणारी घरात ती एकटीच. इतकी वर्षं ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असं ऐकलेली आजी सध्या गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. सकाळी उठून ती आढीतला एकेक आंबा हातात घेते, देठाजवळ नाक नेते आणि निकाल देते: ‘हा आज. हा परवा. हा घरात.’ घरात म्हणजे डाग पडलेला. डागी आंब्यांचा ढीग बघितलात? घरचे लोक पंधरा दिवस दुसरं काही जेवलेले नाहीत. सकाळी आमरस, दुपारी आमरस, रात्री ‘अगं, संपवायला हवेत’ म्हणून आमरस. जोडउत्पन्न म्हणतात ते हेच. उत्पन्न जोडीला, मुख्य काम रस.

आणि साका! साका हा शब्द नुसता उच्चारला तरी या मंडळींच्या छातीत धस्स होतं. वरून फळ कसं? केशरी झाक, गुळगुळीत साल, घमघमाट. कापलं की आत पांढरट, चामट, आंबट पोकळी. बरं, वरून ओळखू येत नाही, हीच तर गंमत. जाणकार सांगतात, उन्हाचा ताव आणि तापलेल्या जमिनीची धग हे त्यामागचं कारण. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता थोडं आधी उतरवलं तर साका कमी होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर 1981 सालीच नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ नावाचा वाण दिला, त्यात साका नाही. पण आहे का कुणी माईचा लाल जो ‘काका, रत्ना आहे का?’ म्हणून विचारतो? छे! हापूसच पाहिजे. साका निघाला तरी चालेल, पण आंबा हापूसच. मग रात्री साडेदहाला फोन येतो, ‘वहिनी, राग नका मानू, पण बारातले चार…’ आणि वहिनी गोड आवाजात चार आंबे बदलून देतात. फोन ठेवला की मात्र, ‘चारच्या चार साका? मला मेलीला खोटं वाटतं!’ यावर आता एक नवी रीत निघाली आहे. कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवल्याशिवाय बदली नाही. त्यामुळे लोकांच्या फोनमध्ये नातवंडांपेक्षा साक्याचे फोटो जास्त. एकाने गेल्या वर्षीचाच फोटो पुन्हा पाठवला, तोही पकडला गेला. टेबलक्लॉथ ओळखू आला ना!

जाहिरातीचं तर विचारूच नका. पूर्वी ‘आंबे आलेत हो’ एवढं बोलून भागायचं. आता लोगो हवा, नाव हवं, नावात ‘कोकण’, ‘माती’ किंवा ‘आजोळ’ यातलं एक तरी हवं. रील हवं. रीलमध्ये समुद्र, मग बाग, मग आंबा कापताना सुरीचा तो संथ वेग, मागे बासरी. समुद्र गुहागरचा, बाग रत्नागिरीची आणि आंबा देवगडचा असेल तरी कोण तपासतंय? खाली मोठ्या अक्षरांत ‘कार्बाइडमुक्त!’ अहो, कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदीच आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतच ते लिहिलेलं आहे. म्हणजे आम्ही कायदा मोडत नाही, हीच यांची जाहिरात! उद्या दूधवाल्याने ‘आमच्या दुधात डबक्याचं पाणी नाही’ अशी पाटी लावली तर आपण टाळ्या वाजवायच्या? बरं, इथिलीन वायूवर, 100 पीपीएमच्या मर्यादेत, फळ पिकवायला रीतसर परवानगी आहे म्हणून सांगा बघू या लोकांना. कानावर हात! वायू म्हटला की सगळ्यांना भोपाळ आठवतं.

आणि ते जीआय. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, हे पाच जिल्हे. मानांकन शेतकऱ्याला मिळालं, पण छाती फुगली ती आमच्या सी विंगची. कर्नाटकातला आंबा पेटीत मिसळून हापूसच्या नावावर खपवतात ही तक्रार जुनी आहे, खरीही आहे. म्हणून 2025 च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने फळावर कोडचं स्टिकर आणलं. कोड व्हॉट्सअॅपवर पाठवा, फळ खरं की खोटं ते कळतं. झालं! आता लोक आंबा कापण्याआधी त्याची चौकशी लावतात. पूर्वी मुलगी दाखवताना गोत्र विचारायचे, तसं आता आंब्याला तालुका विचारतात. एका घरी तर म्हणे स्टिकर नसलेला आंबा ताटात वाढला म्हणून जावईबापूंनी हात आखडता घेतला. मग सासूबाईंनी आतून दुसऱ्या आंब्याचं स्टिकर आणून चिकटवलं आणि जावईबापू तृप्त झाले. चवीचं काय घेऊन बसलात!

काही लोकांना तर हंगामापर्यंत दमच निघत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस उतरतो. मलावी म्हणजे आफ्रिकेतलं. तिथली कलमंही मूळची कोकणातलीच. झालं, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच एकाने ‘आफ्रिकन हापूस, बुकिंग सुरू’ असं टाकलं. भाव वाचून निम्म्या लोकांना ठसका लागला. आणि उरलेल्या निम्म्यांनी? एकेक मागवला. कुणाला सांगितलं नाही, एवढंच. कचऱ्याच्या डब्यात बाठे दिसले तेव्हा कळलं.

या सगळ्याला विरोध करणारं कुणी होतं की नाही? होतं तर! कमिटीचे माजी सेक्रेटरी. ‘निवासी जागेचा व्यापारी वापर’ या विषयावर त्यांनी सभेत नियम वाचून दाखवले. पार्किंगमध्ये पेट्या ठेवल्यास दंड, लिफ्टमधून नेल्यास दंड, जिन्यात पेंढा सांडल्यास दुप्पट दंड. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. आतून हादरलो होतो, कारण निम्म्या माना पेंढ्याच्या होत्या. पुढच्या एप्रिलात हेच साहेब रात्री अकराच्या सुमाराला जिन्याने (दंड लिफ्टला होता ना!) चौथ्या मजल्यावर पेटी वाहून नेताना दिसले. विचारलं तर म्हणाले, ‘हापूस नाही हो. पायरी आहे. रसाला पायरीच लागते.’ तत्त्वाचा माणूस! हापूसला विरोध होता, पायरीला कुठे होता? आज त्यांच्याकडून पायरी घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणाच्या घरी रस होत नाही. आणि त्यांचा तो दंडाचा ठराव? तो इतिवृत्तात सुखरूप आहे.

भावाचा खेळ तर पाहत राहावा असा. पाडव्याला भाव असा की ऐकून माणसाने खाली बसावं. सगळे मनात म्हणतात, अक्षय्य तृतीयेनंतर उतरेल. विकणाऱ्यालाही ते माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं, फक्त आंब्याला माहीत नसतं. तो आपला पिकत राहतो. मग सुरू होतो तो अजरामर मेसेज: ‘शेवटची पेटी!’ सोमवारी शेवटची, मंगळवारी शेवटची, गुरुवारी ‘खरंच शेवटची’. शनिवारी ‘आग्रहास्तव अजून एक’. कुणाच्या आग्रहास्तव? आंब्याच्याच असणार, कारण आपण तर सगळे फोन उलटा ठेवून बसलेलो असतो. मे संपत आला, ढग जमायला लागले की शेठ लोकांचे चेहरे बघवत नाहीत. कोकणात उरलेला माल किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. इथल्या बेडरूममध्ये कॅनिंग कुठून येणार? मग तो वाटावा लागतो. कामवाल्या मावशी, इस्त्रीवाला, डॉक्टर, मुलाचे सर. ‘घरचा आहे हो, घ्या.’ औदार्याला एवढा वास यापूर्वी कधी आला नव्हता.

आणि हे फक्त आंब्याचं म्हणता? श्रावणात राख्या येतात, भाद्रपदात पेणच्या मूर्ती आणि उकडीचे मोदक, अश्विनात उटणं, कंदील, फराळ, पौषात तिळाच्या वड्या. प्रत्येकाच्या तोंडी एकच दाखला, ‘अहो, लिज्जत कसं सुरू झालं? 1959 साली, गिरगावात, एका इमारतीच्या गच्चीवर, सात बायका, 80 रुपये उसने!’ दाखला खरा आहे. फक्त त्या सात जणी पापड विकत होत्या आणि बाकीचं गिरगाव ते विकत घेत होतं. आमच्याकडे काय होतं? मी तुमचा आंबा घ्यायचा, कारण तुम्ही माझा चिवडा घेतला होता. तुम्ही ताईंचं उटणं घ्यायचं, कारण ताईंनी तुमची राखी घेतली होती. ताई काकांकडून कंदील घेणार, आणि काका माझ्याकडून तिळगूळ. तेच दोन हजार रुपये गूगल पेवरून ए विंग, सी विंग, बी विंग करत वर्षभर फिरतात आणि चैत्रात पुन्हा ज्याचे त्याच्याकडे येतात. पण प्रत्येकाच्या तोंडी काय? ‘तसं वर्षाला बऱ्यापैकी सुटतं.’ सुटतं काय? सुट्टी!

तुम्हाला वाटेल, हे वेड इथलंच. तिकडे अमेरिकेत विचारा! भारतातला आंबा तिकडे जायला 2007 मध्ये परवानगी मिळाली, तीही अटीवर. फळावर आधी विकिरणाची प्रक्रिया करायची. ती कुठे होणार? लासलगावला, कांद्याच्या गावात! म्हणजे आमच्या हापूसला व्हिसा मिळवायला आधी कांद्याच्या दारात उभं राहावं लागलं. त्या सौद्यात इकडे हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना वाट मोकळी झाली. आंबे द्या, फटफट्या घ्या! आता न्यू जर्सीत आणि डॅलसमध्ये आपलीच मुलंबाळं ग्रुपवर ऑर्डर घेतात, विमानतळाच्या कार्गोत जाऊन पेट्या सोडवतात आणि गॅरेजमध्ये वाटप करतात. लाखभर डॉलरची नोकरी असलेला इंजिनिअर रविवारी गॅरेजमध्ये उभा राहून ‘एक पेटी तुमची, दोन पाटीलसाहेबांच्या’ असं ओरडतोय. एवढं शिकवलं त्याचं चीज झालं म्हणायचं.

आता हसताय, पण तुमच्या घरात एखादी रिकामी पेटी नाही? गच्चीवर, माळ्यावर, चपला ठेवायला? ती आली कुठून मग? ‘मी फक्त मैत्रिणींसाठी मागवते’ हे आपण सगळेच म्हणतो. चार मैत्रिणींच्या पंचवीस मैत्रिणी होतात, आणि मग एक वही लागते. वही आली की माणूस शेठ झाला. ताज्या आंब्यावर जीएसटीही नाही, म्हणून आमच्या सी.ए. काकांनीसुद्धा यंदा निर्धास्तपणे दहा पेट्या मागवल्यात. मार्चअखेरीत ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तेच एप्रिलात देठ हुंगत बसलेत.

शेवटी हिशेबाचा दिवस येतो. बाहेर पहिला पाऊस, आत वही. गाडीभाडं वजा, हमाली वजा, पेंढा वजा, साका वजा, लोगो काढणाऱ्या भाच्याचे वजा, ज्यांनी ‘पैसे देतो’ म्हटलं आणि दिले नाहीत ते वजा. (ते कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. सख्खेच असतात.) शेवटी आकडा उरतो तो सांगण्यासारखा नसतो. बायको विचारते, ‘आणि आपण खाल्ले ते?’ नवरा म्हणतो, ‘ते धरायचे नसतात.’ ‘आणि आईंनी आत्यांकडे पाठवले ते?’ ‘ते तर मुळीच नाही.’ दोघं वही मिटतात. दोन मिनिटं शांतता. मग तो घसा खाकरून म्हणतो, ‘पण पुढच्या वर्षी दुप्पट उचलल्या तर गाडीभाडं परवडेल.’

आणि तो तिथल्या तिथे देवगडला फोन लावतो. पुढच्या सालच्या पेट्यांचं आत्ताच बोलून ठेवतो, आगाऊ पैसेही पाठवतो म्हणतो. पलीकडून बागायतदार जांभई देतो.

‘आदी पावस तरी पडांदे, मगे बघू.’